नाव राहून गेलं असल्यास

आमच्या सोसायटीत आधी महिपतराव खुटवडांचा आवाज येतो आणि मग महिपतराव येतात. मी नारायण पेठेतली दीड खोली सोडून बिबवेवाडीला राहायला निघालो, तेव्हा माझ्या नातेवाइकांनी मला परदेशी निघाल्यासारखा निरोप दिला होता. इथे पहिल्या दिवशी सामान चढवत असताना शेजारचं दार उघडलं. पांढरा सदरा, पांढरी विजार, डोक्यावर टोपी घातलेले एक गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, "पूर्ण नाव, मूळ गाव, हुद्दा?"

मला वाटलं जनगणना सुरू आहे. मी म्हणालो, "दांडेकर. आधार कार्ड काढू का?"

ते मोठ्यानं हसले आणि त्यांनी माझी ट्रंक उचलून आत नेऊन ठेवली. मी टोमणा मारला होता हे त्यांना कळलं नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. त्यांना कळलं होतं. त्यांना राग येत नाही, एवढंच.

नाव विचारणं हा त्यांचा धंदा आहे. बिबवेवाडी, कात्रज, कोंढवा ते पार खेड शिवापूरपर्यंतच्या लग्नांत मांडवाच्या कोपऱ्यात जो माणूस माईक धरून उभा असतो, तो म्हणजे महिपतराव. ज्यांनी असं लग्न पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे आलेल्या प्रत्येक मानाच्या पाहुण्याचं नाव घेऊन माईकवरून स्वागत करावं लागतं. माजी सरपंच असतात, विद्यमान संचालक असतात, युवा उद्योजक असतात आणि सगळ्यात मोठी जमात म्हणजे भावी. भावी नगरसेवक, भावी सभापती. मुहूर्त टळून जातो, भटजी घड्याळाकडे बघतात, नवरीचा मेकअप उतरायला लागतो, पण भावी मंडळी संपत नाहीत. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवत नाही, आणि जेवला तर पुढच्या लग्नाला येत नाही. आमच्या पेठेतल्या लग्नांत ही भानगड नाही, कारण आम्ही कुणाचं स्वागतच करत नाही.

महिपतरावांचा एक नियम आहे. नाव पुकारलं की माणसानं जागेवरून उठायचं. थोडं उठलं तरी चालतं, हात जोडले की झालं. पण बसून राहिला तर तो पुकारणाऱ्याचा अपमान. मी एकदा त्यांच्याबरोबर एका लग्नाला नुसताच जेवायला गेलो होतो. "बँकेतील निवृत्त अधिकारी श्रीयुत दांडेकर साहेब" अशी आरोळी आली तेव्हा माझ्या तोंडात जिलबी होती. मी उठेपर्यंत त्यांनी पुढचं नाव घेतलं नाही. जिलबीसकट उठलो.

हा आवाज घडला मार्केट यार्डात. त्यांचे थोरले भाऊ संपतराव यांचा तिथे कांदा-बटाट्याचा गाळा होता आणि धाकटे महिपती लिलावाची बोली पुकारायचे. एका लग्नात माईकवाला आलाच नाही, तेव्हा संपतरावांनीच धाकट्याच्या हातात माईक कोंबला. तेव्हापासून दोघांची कामं वाटलेली होती. महिपतराव माईकवर, संपतराव मांडवाच्या तोंडाशी. कुणी मानकरी आत शिरला की संपतराव मागून हात वर करून हलवायचे, ओठांनी नाव सांगायचे, आणि पुढच्या क्षणी ते नाव मांडवभर झालेलं असायचं.

संपतराव गेले त्याला आता काही वर्षं झाली. महिपतराव अजून लग्नं करतात. मागे हात हलवणारं कुणी नाही, म्हणून आधीच दारात उभे राहून एकेकाला नाव विचारतात आणि बोटांच्या पेरांवर पाठ करतात. तरी बोलता बोलता त्यांची नजर मांडवाच्या तोंडाकडे जाते. एक क्षणभर जाते आणि परत येते.

संपतरावांचा मुलगा ऋषी. आयटीत आहे, आमच्याच मजल्यावर आई सोजरबाईंबरोबर राहतो. महिपतरावांना मूलबाळ नाही. त्यांच्या सौभाग्यवती फारशा बोलत नाहीत, कारण संधी मिळत नाही. दोघांचंही जे काही आहे ते ऋषी. त्याच्या बारशाला, दहावीच्या सत्काराला, नोकरी लागली तेव्हाच्या सत्यनारायणाला, प्रत्येक ठिकाणी माईक तात्यांच्या हातात. ऋषी काकांना तात्या म्हणतो. एवढ्याशा फ्लॅटमधल्या सत्यनारायणाला माईक कशाला, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर माईकवरून मिळालं.

तर या ऋषीचं लग्न ठरलं, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी महिपतराव माझ्याकडे येऊन खुर्चीत बसले. काहीच बोलेनात. मी पंखा बंद पडलाय की काय म्हणून वर पाहिलं.

"साहेब," ते म्हणाले, "ऋष्या म्हणतोय, तात्या, माझ्या लग्नात तुम्ही माईक घ्यायचा न्हाय."

"का?"

"का काय? लाज वाटत आसंल. पोरीकडची समदी शिकल्याली हायती. एक बाई बोलावणार हाय म्हणं, इंग्लिशमधनं बोलणारी."

"तो असं म्हणाला?"

"त्यो काय म्हणायच्या आत मी उठून आलो."

मी म्हणालो, "अहो, घरचं कार्य. तुम्हाला तिथं दुसरी शंभर कामं असतील."

"कसली कामं? अक्षता वाटाय पोरं हायती. व्याहीभेटीला त्याचा मामा हाय, मी सांगून टाकलंय वहिनीला. मग मी काय करू? पंक्तीत बसू?"

पंक्तीत बसू हे त्यांनी तुरुंगात बसू अशा आवाजात म्हटलं. व्याहीभेट म्हणजे मुलाच्या बापानं आणि मुलीच्या बापानं सगळ्या मांडवादेखत एकमेकांना कडकडून भेटायचं. संपतराव नसल्यामुळे ती कुणी करायची हा प्रश्न होता, आणि तो महिपतरावांनी परस्पर मामांच्या गळ्यात मारून सोडवला होता.

"आन् दादाचं नाव कोण घेणार?" ते एकदम म्हणाले. "ती बाई लेट संपत म्हणून मोकळी व्हईल. लेट! उशिरा आल्यागत. दादाचं नाव मी घेतो साहेब, परत्येक लग्नात पयलं. ऋष्याच्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मला असल्या वेळी काय करायचं ते कळत नाही. मी पाणी आणून दिलं.

ऋषी गुरुवारी संध्याकाळी बाणेरच्या एका पबमध्ये विनोद सांगायला जातो, ही बातमी सोजरबाईंकडून आली. त्याला ओपन माईक म्हणतात, असं मीच महिपतरावांना समजावून सांगितलं. कुणीही आधी नाव द्यायचं, पाच मिनिटं उभं राहून लोकांना हसवायचं, घरी जायचं. यातले दोनच शब्द त्यांनी ऐकले, माईक आणि कुणीही.

"द्या माझं नाव."

"महिपतराव, तिथं विनोदी बोलावं लागतं."

"लग्नात हसत्यात की लोक माझ्या बोलण्यावर."

"ते जेवायला बसल्यावर हसतात."

"साहेब, त्याच्याच माईकवर, त्याच्याच लोकांपुढं बोलून दाखवतो. त्यांनी ऐकून घेतलं तर ऋष्याला म्हणणार, आता कुठली लाज? दे माईक. आन् न्हाय ऐकलं, तर गप पंक्तीत बसंन. सबूद हाय माझा."

मी फोनवरून नाव दिलं. ऋषीला कळवायचं नाही, असं ठरलं.

त्या गुरुवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून बाणेरला गेलो. पब दुसऱ्या मजल्यावर होता. दारात काळा टी-शर्ट घातलेला एक पैलवान उभा होता. त्याने आमच्या मनगटावर शिक्का मारला. एवढ्या वयात गुरासारखा शिक्का मारून घ्यायची माझी पहिलीच वेळ. महिपतरावांनी मात्र मनगट पुढे करत विचारलं, "पूर्ण नाव, मूळ गाव, हुद्दा?"

पैलवान गडबडला. मग म्हणाला, "नागोराव. वाशीमचा आहो जी. हुद्दा म्हणजे... हेच, दार."

महिपतरावांनी पहिल्या पेरावर अंगठा ठेवला.

आत अंधार होता आणि गाणी इतकी मोठ्यानं चालू होती की महिपतरावांना घरच्यासारखं वाटलं असावं. कोपऱ्यात छोटंसं स्टेज, एक माईक, मागे विटांची भिंत. पुण्यात प्लास्टर करायला पैसे नसायचे तेव्हा भिंती अशा दिसत. आम्ही कडेच्या टेबलावर बसलो. त्यांनी लिंबू सरबत मागवलं. मी एक बिअर मागवली आणि ती कुणी ओळखीचं बघत नाही ना हे बघत प्यायलो. बाणेरला माझ्या ओळखीचं कोण असणार, पण सवय.

कार्यक्रम चालवणारी मुलगी यवतमाळची होती, प्रियदर्शनी नावाची. ती आमच्या टेबलाशी आली आणि टोपीकडे बघून खूश झाली.

"काका, तुम्ही स्वतः करून राहिले? मस्तच ना! घाबरू नका. पाच मिनिटं आहेत. वेळ संपत आली की मागून शुभंकर मोबाईलचा लाईट हलवते. तो दिसला का आटपायचं."

हे सगळं मी ऐकलं. महिपतराव तोवर शेजारच्या टेबलाला नावं विचारायला उठले होते. मग पुढच्या टेबलाला, मग त्याच्या पुढच्या. पोरं आधी बिचकत होती, मग सांगत होती. साई, नांदेडचा. पूर्णिमा, साताऱ्याची, फिजिओथेरपिस्ट. एक जण म्हणाला, "हुद्दा नाही काका, सध्या बेंचवर आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे कंपनीत आहे, पण काम काही नाही."

"म्हंजे संचालक," महिपतराव म्हणाले आणि पेर दाबलं.

कार्यक्रम सुरू झाला. एकाने आईच्या मोबाईलवरच्या मेसेजांवर विनोद केले, दुसऱ्याने ट्रॅफिकवर, तिसऱ्याने पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर. पुणेकर दुपारी झोपतात, हे सांगायला लोकांना अजून माईक लागतो. मी हसलो नाही. महिपतराव प्रत्येकाला मनापासून टाळ्या वाजवत होते, आणि मधूनच ओठ हलवून आपली नावं घोकत होते.

मग ऋषी आला. ऑफिसातून थेट आला असावा, गळ्यात अजून कंपनीची पट्टी होती. स्टेजवरचा दिवा डोळ्यांवर होता, त्यामुळे त्याला आम्ही दिसणं शक्य नव्हतं.

"गाईज," तो म्हणाला, "मी बिबवेवाडीचा. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

टाळ्या पडल्या.

"थांबा, थांबा. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरी मेन नसतात. मेन असतो माईकवाला. आणि तो माईकवाला म्हणजे माझे सख्खे काका. तात्या."

मी महिपतरावांकडे पाहिलं नाही.

ऋषीने आवाज बदलला. छाती पुढे, मान मागे, डावा हात कानाशी. हुबेहूब महिपतराव. "आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे, भावी जिल्हा परिषद सदस्य, यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!" पबमध्ये हशा फुटला. "सीरियसली सांगतो, आमच्या एरियात माजी लोक कमी आहेत, भावी जास्त. एवढं फ्यूचर इस्रोकडे पण नाही. मुहूर्त बारा पस्तीसचा. एक वाजला. भटजी म्हणतात, सावधान. तात्या म्हणतात, थांबा, अजून सोसायटीचे व्हाईस चेअरमन राहिलेत. मागच्या सीझनला एक नवरदेव उभ्या उभ्या झोपला. तात्यांनी त्याचंही स्वागत केलं."

लोक टेबलं बडवत होते. शेजारचा बेंचवरचा संचालक हसून हसून खाली वाकला होता. आता मी महिपतरावांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला सरबताचा ग्लास तसाच होता. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते लग्नात फोटोग्राफर समोर आला की धरतात तसलं.

"मी तात्यांना सांगितलं," ऋषी म्हणाला, "माझ्या लग्नात माईक मिळणार नाही."

परत टाळ्या, शिट्ट्या.

"हां, तुम्ही हसताय. घरी कुणी हसलं नाही. तेव्हापासून तात्या माझ्याशी बोलत नाहीत. आणि तात्या गप्प बसले की आमच्या गल्लीत लोक बाहेर येऊन विचारतात, लाईट गेली का? त्यांना वाटतंय, मला त्यांची लाज वाटते. खरं कारण..." तो थांबला. मागून मोबाईलचा उजेड हलला. "खरं कारण विनोदी नाहीये, आणि लाईट पण आलीये. थँक यू, पुणे!"

तो खाली उतरला आणि पलीकडच्या टेबलावर मित्रांत जाऊन बसला.

मला संताप आला. मी बँकेत आयुष्यभर लोकांवर संतापलो, पण ते कामाचा भाग म्हणून. हा खरा होता. खांद्यावर बसवून ज्यानं फिरवलं, त्याला चारचौघांत असं उभं करायचं आणि वर थँक यू पुणे! मी उठलो. "चला महिपतराव. घरी जाऊ."

"न्हाय साहेब."

"अहो, काय राहिलंय आता?"

"नाव दिल्यालं हाय," ते म्हणाले. "पुकारल्यावर उठायचं न्हाय म्हंजे त्या पोरीचा अपमान."

आणि तेवढ्यात प्रियदर्शनीने पुकारलं, "आता येतायत, फर्स्ट टाईम, महिपती! जोरदार टाळ्या!"

ते उठले. टोपी सारखी केली. ऋषीच्या टेबलावरून एक ग्लास पडल्याचा आवाज आला.

महिपतरावांनी माईक स्टँडवरून काढला, तोंडापासून हातभर लांब धरला. तेवढ्या अंतरावरून त्यांचा आवाज भिंतीवर आपटून परत आला. पुढच्या टेबलावरची दोन पोरं मागे सरकली.

"ग्रामदैवताला वंदन करून, आजच्या या मंगल प्रसंगी उपस्थित असलेल्या सर्व मान्यवरांचं मी..."

मंगल प्रसंगी म्हटल्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी डोळे मिटले. त्यांना खरोखर दुसरं काही येत नव्हतं. माईक हातात आल्यावर आधी स्वागत, आणि स्वागत झाल्यावरच पुढचं. पाच मिनिटांत कुठलं पुढचं येणार!

"वाशीम येथून खास आलेले, या आस्थापनाचे द्वारपाल, श्रीयुत नागोराव यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत!"

दारातून पैलवानाने आत डोकं घातलं. महिपतराव थांबले. पैलवान आत आला, त्याने हात जोडले. तेव्हा कुठे ते पुढे गेले.

"सातारा येथील हाडांच्या सुप्रसिद्ध तज्ज्ञ पूर्णिमाताई. नांदेडचे युवा नेतृत्व साईराव. आणि कंपनीचे विद्यमान संचालक, सध्या बाकावर आसनस्थ..."

आता हसू पसरायला लागलं. पण चेष्टेचं नव्हतं. पोरं आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत होती. नाव आलं की उठून हात जोडत होती, बाकीचे टाळ्या वाजवत होते. कोपऱ्यातलं एक टेबल ओरडलं, "काका, आमचं राहिलं!" महिपतराव म्हणाले, "धीर धरावा, जेवल्याशिवाय जाऊ नये." हार्दिक म्हटलं की दुसरं हार्दिक अख्खा पब म्हणायला लागला. हेच ते तात्या, हे लोकांना केव्हाच कळलं होतं. सगळे एकदा स्टेजकडे आणि एकदा ऋषीकडे बघत होते. ऋषी खाली मान घालून बसला होता.

आणि मागे उजेड हलला.

मोबाईल धरलेला तो हात अंधारात डोक्याच्या वर जाऊन डावीकडे उजवीकडे हलत होता. महिपतराव वाक्याच्या मधेच थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पबमधल्या लोकांना वाटलं, बोलायचं विसरले. मला ठाऊक होतं ते कुणाकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला.

"मागच्या बाजूनं... मागच्या बाजूनं पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे. कृपया त्यांना पुढे येण्यास वाट द्यावी."

असा हशा झाला की बारवरचा माणूस बाहेर आला. उजेड आणखी जोरात हलायला लागला.

"हात दिसला, हात दिसला," महिपतराव म्हणाले. "आपलं पूर्ण नाव?"

"अहो काका, टाईम झाला!"

"नाव!"

"शुभंकर!"

"वेळात वेळ काढून उपस्थित राहिलेले शुभंकरराव, यांचं हार्दिक..."

"हार्दिक स्वागत!" सगळा पब ओरडला. शुभंकरने हात जोडले आणि मोबाईल खिशात टाकला. त्यानंतर त्या संध्याकाळी वेळ कुणी मोजली नाही.

हशा ओसरू दिला आणि महिपतरावांनी आवाज खाली आणला. आता येणाऱ्या नावाची जागा लग्नात सगळ्यात पहिली असते. इथे त्यांनी ती शेवटी ठेवली होती.

"मार्केट यार्डातील कांदा-बटाट्याचे प्रसिद्ध व्यापारी, आमचे ज्येष्ठ बंधू, कैलासवासी संपतराव गेनबा खुटवड, यांचे चिरंजीव, ज्यांनी आत्ताच आपलं मनोगत व्यक्त केलं, ते चिरंजीव ऋषी. यांचंही हार्दिक स्वागत."

ऋषी उठला. हात जोडून उभा राहिला. महिपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नेहमीचं समारोपाचं वाक्य म्हणायला घेतलं.

"वेळेअभावी अनवधानाने कुणाचा नामोल्लेख राहून गेला असल्यास..."

"तात्या," ऋषी म्हणाला, "एक नाव राहिलंय."

महिपतरावांचा चेहरा उतरला. त्यांना पाच मिनिटं मिळाली काय, लोक हसले काय, सगळं त्या एका वाक्यानं पुसून गेलं. इतक्या लग्नांत त्यांनी कुणाचं नाव राहू दिलेलं नव्हतं. ते पेरं चाचपायला लागले. "कुणाचं?"

ऋषी टेबलांच्या मधून वाट काढत स्टेजवर आला आणि त्याने त्यांच्या हातातून माईक घेतला. महिपतरावांनी तो लगेच सोडला नाही. मग सोडला.

ऋषीने आता नक्कल केली नाही. स्वतःच्याच आवाजात, जरा अडखळत म्हणाला, "वधू-वरांना आशीर्वाद देण्यासाठी उपस्थित असलेले, कैलासवासी संपतराव यांचे धाकटे बंधू, वराचे चुलते, श्री. महिपतराव गेनबा खुटवड. व्याहीभेटीसाठी वरपित्याच्या जागी त्यांनी पुढे यावं, अशी मी विनंती करतो."

कुणी हसलं नाही. काही जणांना कळलं नव्हतं, त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"ती जागा दादाची हाय," महिपतराव म्हणाले. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"म्हणूनच."

"तुझा मामा हाय की."

"मामा नकोय मला. आईनं विचारलं तर तुम्ही मामाचं नाव सांगून निघून गेलात. मी सांगायला लागलो तर उठून गेलात. माईक हातात असला की तुम्हाला मानाच्या कुठल्याच जागी उभं राहावं लागत नाही, तात्या. म्हणून काढून घेतला. लाज कसली?"

महिपतरावांचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं. एक हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, परत आला.

आता माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि इतकी वर्षं शेजारी राहून ती आली नव्हती याचं मला वाईट वाटलं. या माणसाचं नाव कुठल्याच मांडवात कधी कुणी घेतलेलं नव्हतं. घेणार कोण?

"नाव पुकारलंय, तात्या," ऋषी हळूच म्हणाला.

पुकारल्यावर माणसानं उठायचं असतं. महिपतराव उभेच होते. त्यांनी छातीशी हात जोडले, समोरच्या अंधाराला मान लववली, आणि एक पाऊल पुढे आले.

पूर्णिमाताई आधी उठली, मग साई, मग सगळेच. मीही उठलो. बिअरचा ग्लास माझ्या हातात होता आणि अख्खं बाणेर बघत असतं तरी चाललं असतं.

महिपतराव आणि मी खाली जायला निघालो. ऋषी पुढे स्कूटर काढायला गेला. नागोरावाने त्यांना वाकून नमस्कार केला, तो त्यांनी नुसत्या मानेनं घेतला. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"साहेब, व्याहीभेटीत व्याह्याला उचलायचं असतंय. आमच्यात रीत हाय."

"मग?"

"पोरीचा बाप बँकेत हाय. वजन किती आसंल?"

मी म्हणालो, बँकेतल्या माणसाचं वजन निवृत्तीपर्यंत वाढत जातं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोपी माझ्या हातात दिली, आणि मी काही म्हणायच्या आत मला कमरेत धरून उचललं.